ऑपरेटरच्या खिडकीतून

गेल्या अंकात शेवटी मी एक ओळ टाकली होती : मित्रांना सिनेमा सुचवताना तुमचं कुठं अडतं, ते कळवा. वाटलं होतं, चार-पाच पत्रं येतील. चवथीची माटोळी (गणपतीवर टांगलेली फळांची आरास) उतरायच्या आत टेबलावर ढीग झाला. बायको म्हणाली, "सिनेमे दाखवायचं सुटलं, आता सांगायचं लागलं." नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो, की मी समीक्षक नाही. फोंडा तालुक्यातल्या एका थिएटरात १९८१ ते २०१२ मशीन चालवली. ऑपरेटर होतो. त्यामुळे उत्तरं ऑपरेटरची आहेत, ती तशीच घ्यावीत.

साखळीचे एक वाचक लिहितात : भाई, सप्रेम नमस्कार. आम्ही शाळेपासूनचे सात जण दर दुसऱ्या शनिवारी एकाच्या घरी जमतो. त्यात सिनेमाचा वेडा मी एकटाच. गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं 'मरण्याआधी बघायलाच हवेत असे चाळीस सिनेमे' ही यादी केली आणि झेरॉक्स काढून सगळ्यांना वाटली. आजवर एकानंही त्यातला एक बघितलेला नाही. उलट आता कोणाला साधा ताप आला, तरी "याला यादीतले दोन तरी दाखवा रे, वेळ थोडा आहे" असा विनोद होतो. माझं चुकलं कुठं? आणि तुम्ही नवी यादी करून द्याल का?

नाही देणार. तुमच्या मित्रांचा विनोद चांगला आहे, तो मात्र मी पुढं वापरणार आहे.

चाळीस नावांचा कागद हातात पडला, की माणूस त्याची बाजाराची चिठ्ठी करतो. खिशात घालतो, आणि धुण्यात त्याचा लगदा होतो. शिवाय 'बघायलाच हवेत' म्हटलं की समोरच्याला शाळा आठवते. तुमच्या सातांपैकी किमान तिघं गणिताच्या तासाला मागच्या बाकावर बसत असतील, त्यांना तुम्ही पुन्हा पुढं बोलावताय.

मी जे थोडंफार शिकलो, ते खिडकीतून शिकलो. मशीनच्या खोलीच्या भिंतीला दोन प्रकारची भोकं असतात. एकातून उजेड पडद्यावर जातो, दुसऱ्यातून ऑपरेटर बघतो. वीतभर काच. त्या काचेतून पडदा लांब दिसतो आणि माणसांच्या पाठी जवळ. तीस-एकतीस वर्षं मी पाठी बघितल्या. हसणारी पाठ वेगळी, कंटाळलेली वेगळी. कंटाळलेला माणूस आधी डावीकडे कलतो, मग उजवीकडे, मग खाली घसरतो. रडणारा माणूस अजिबात हलत नाही.

२००४ साली आमच्याकडे 'श्वास' लागला. संदीप सावंत यांचा. 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, त्यानंतर देशातला सर्वोत्तम सिनेमा म्हणून मराठीला पुन्हा मान मिळायला पन्नास वर्षं लागली, आणि तो याच सिनेमाला मिळाला. हे आम्हाला तेव्हा पेपरात वाचून माहीत होतं. पण म्हणून कोणी आलं नाही. पहिले दोन दिवस थिएटर रिकामंच होतं. तिसऱ्या दिवसापासून गर्दी झाली, आणि ती कशानं झाली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी जिन्यावर उभा राहून ऐकलं. बाजारात मासे विकणारी एक बाई दुसरीला सांगत होती : "आजो आणि नातू आहे गो त्यात. पोराच्या डोळ्यांचं ऑपरेशन असतं. आदल्या दिवशी आजो त्याला उचलून हॉस्पिटलातून घेऊन जातो." एवढंच. पुढं काय होतं ते तिनं सांगितलं नाही. पारितोषिकाचं नाव काढलं नाही, दिग्दर्शकाचंही नाही. आणि मग म्हणाली, "तुझ्या नातवाला घेऊन ये. पण हातरुमाल आण."

सिनेमा सुचवायचा तो असा. तिनं एका माणसाला एक सिनेमा सांगितला आणि त्या माणसाच्या घरातलं एक कारण दिलं.

तेव्हा तुमची यादी फाडू नका, ती स्वतःजवळ ठेवा. पुढच्या शनिवारी सातांपैकी एकाकडे बघा. समजा, एकाची बदली झाली आहे आणि मुलाची नवी शाळा सुरू व्हायची आहे. एकाचं भावाशी जमिनीवरून फाटलंय. एकाला नुसतं हसायचंय, कारण दिवसभर त्याला बँकेत लोक ओरडतात. प्रत्येकासाठी तुमच्या चाळिसांत एक तरी असेलच. तो त्याला एकट्याला, निघताना, चपला घालताना सांगा. चपला घालताना सांगितलेलं माणूस विसरत नाही, हा माझा अनुभव आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही.

पण इथं एक धोका आहे, आणि त्यात मी स्वतः पडलो आहे. आमच्याकडे दारावर तिकीट फाडणारा एक मित्र होता. वीस वर्षं आम्ही एका डब्यातून जेवलो. थिएटर बंद झाल्यावरही येणं-जाणं राहिलं. त्याची आई विसरायला लागली होती. आधी गॅस, मग वार, मग सुनेचं नाव. मला वाटलं, याच्यासाठी 'अस्तु'हून योग्य सिनेमा नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. मोहन आगाशे त्यात संस्कृतचे मोठे पंडित आहेत, स्मृती जात चाललेली, आणि एक दिवस ते रस्त्यावरच्या हत्तीमागं चालत निघून जातात. मी त्याला हट्टानं माझ्या घरी बसवून लावून दिला. अर्ध्या तासात तो उठला, मागच्या दारी जाऊन नळावर तोंड धुतलं आणि परत आत न येता तसाच स्कूटर काढून गेला. महिनाभर बोलला नाही. मी त्याचं दुखणं बरोबर ओळखलं होतं, पण जो माणूस ते घरी चोवीस तास बघतो, त्याला ते पडद्यावर कशाला बघायला लावायचं, एवढा विचार मला सुचला नव्हता.

महिन्यानं तोच आला. ओट्यावर बसला आणि म्हणाला, "भाई, आवयक हांसयतलो असो एक सिनेमा सांग." म्हणजे आईला हसवील असा. मी 'अशी ही बनवाबनवी' दिला. १९८८ चा आहे, तुम्हाला सांगायला नकोच. त्याची आई लक्ष्याला लुगड्यात बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. दुसऱ्या दिवशी तिला काही आठवत नव्हतं. मग त्यांनी तोच पुन्हा लावला, ती पुन्हा तितकीच हसली. तिच्यासाठी दर वेळी पहिला खेळ. ती गेली, तोवर दुपारी चारला त्या घरात तोच सिनेमा लागायचा.

तर साखळीकर, एवढ्यावर भागवा.

वास्कोहून तक्रार : तुम्ही एका अंकात 'कोर्ट'ची फार स्तुती केली होती. मी ऑफिसातले चार जण घरी बोलावले, समोसे मागवले. पाऊण तासात तिघं झोपले. चौथा फोनवर. पाचवा मी. समोशांचे पैसे तुमच्याकडून वसूल करावेत, असं बायकोचं म्हणणं आहे.

बायकोचं बरोबर आहे. 'कोर्ट' मी पुन्हाही सांगेन, पण समोशांबरोबर नाही. चैतन्य ताम्हाणे यांनी तो पंचविशीच्या आसपास केला, २०१४ साली व्हेनिसला त्याला पारितोषिक मिळालं, देशातला सर्वोत्तम सिनेमाही ठरला. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला चालतो : त्याच्या गाण्यामुळं गटारात उतरणाऱ्या एका कामगारानं जीव दिला म्हणे. कॅमेरा एका जागी उभा राहतो आणि तारखा पडत राहतात. ज्यानं एकदा तरी जमिनीच्या दाव्यात मामलेदार कचेरीचा बाक घासलाय, त्याला त्यातला एकेक क्षण बोचतो. तुमच्या ऑफिसातल्यांनी तो घासलेला नसेल, त्यांचं नशीब. हा सिनेमा एकट्यानं बघायचा, फार तर दोघांनी, आणि जेवणाआधी. पार्टीला नव्हे.

बाकी झोपेबद्दल त्यांना फार दोष देऊ नका. शेवटाकडं त्या सिनेमातही एक मोठा माणूस भर दिवसा डुलकी काढताना दिसतो. तिथपर्यंत पोचला असता, तर कळलं असतं.

मडगावची एक वाचक विचारते : भाई, मला बाहेरच्या देशांतले सिनेमे आवडतात. पण मैत्रिणी म्हणतात, खालची अक्षरं वाचायची की चित्र बघायचं? त्यांना एकदा तरी कसं बसवू?

बाय, माझ्या आईला हिंदीचा गंध नव्हता. कोंकणी बोलायची, मराठी पोथ्या वाचायची. पण आमच्या थिएटरातला एकही हिंदी सिनेमा तिनं सोडला नाही. घरी येऊन पूर्ण गोष्ट सांगायची, तीही बरोबर. एकदा मी विचारलं, तुला कळतं कसं? तर म्हणाली, "रडणाऱ्याला भाषा लागते काय रे?" मैत्रिणींना हे सांगू नको, चिडतील. त्यापेक्षा पहिला सिनेमा असा निवड, की ज्यात अक्षरं कमीच आहेत.

माझं नाव 'चिल्ड्रन ऑफ हेवन', इराणचा, १९९७. माजिद माजिदी यांचा. भाऊ बहिणीचे बूट शिवून आणायला जातो आणि हरवून येतो. घरात पैसे नाहीत, बापाला सांगायची हिंमत नाही. मग एकाच जोडीवर दोघांची शाळा : ती सकाळी जाते, धावत गल्लीच्या वळणावर येते, तिथं बूट बदलतात, हा दुपारच्या शाळेला पळतो. बूट त्याचे, तिला सैल. एकदा पळताना एक बूट गटाराच्या वाहत्या पाण्यात पडतो आणि ती त्याच्या मागं धावते. तिथं माझ्या घरी जमलेल्या सहा बायका एकदम ओरडल्या होत्या. खाली काय अक्षरं आली, हे एकीलाही आठवत नव्हतं, आणि खरं तर तिथं काही आलीच नव्हती. आणखी एक जागा तुला आवडेल. बाप समोर बसलाय म्हणून भावंडं तोंडातून शब्द न काढता अभ्यासाच्या वहीत लिहून भांडतात. शेवटी धावण्याची शर्यत आहे. तिचं काय होतं ते मी सांगत नाही, आणि तूही सांगू नकोस.

दोन गोष्टी पाळ. अक्षरं मोठी करून ठेव. आता ती सोय सगळीकडं असते. आणि ज्या मैत्रिणीला मोठ्यानं वाचून दाखवायची सवय आहे, तिच्या हातात आधीच काहीतरी खायला दे.

हा आवडला, तर पुढचा अब्बास कियारोस्तामी यांचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स होम', १९८७. वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाची वही चुकून आपल्या दप्तरात आली, आणि ती उद्या वर्गात नसली तर मास्तर त्याला शाळेतून काढतील, एवढीच गोष्ट. वही परत करायला पोरगा डोंगरापलीकडच्या गावात जातो. 'कोर्ट'वाल्या वास्कोकरांनी हा लावू नये.

पेडण्याचे वाचक : पुण्याचे मित्र दर डिसेंबरला येतात. त्यांच्या मते गोवा म्हणजे बाटली आणि बीच. त्यांना आमचा गोवा दाखवणारे सिनेमे सांगा. कोंकणी त्यांना कळत नाही.

कळत नाही, असं त्यांना वाटतं. मराठी कानाला कोंकणी कळायला पंधरा मिनिटं लागतात, अट एकच की त्या पंधरा मिनिटांत "म्हणजे काय रे?" असं विचारायचं नाही.

पहिला 'पलतडचो मुनिस'. लक्ष्मीकांत शेटगावकर, २००९. महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवर. गोव्याच्या सीमेवरच्या रानात एक वनरक्षक एकटा राहतो, बायको गेलेली. रानात भटकणारी एक वेडी बाई त्याच्या दारात येते. तो तिला घास घालतो आणि मग गाव त्याच्या मागं लागतं. टोरोंटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांचं पारितोषिक या सिनेमाला मिळालं. सबंध सिनेमाभर समुद्र दिसल्याचं मला आठवत नाही, पुणेकरांना तेच पहिल्यांदा खटकेल. त्यांना सांगा, सत्तरी, सांगे, काणकोण हाही गोवाच आहे. आमच्या मुलखातल्या रानाला एक वास असतो, पावसाळा उतरताना येतो तो. त्या सिनेमात तो येतो. कसा, ते मशीनवाल्याला सांगता येणार नाही.

दुसरा श्याम बेनेगल यांचा 'त्रिकाल', १९८५. हिंदी आहे, म्हणजे पाहुण्यांची सोय. लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडा यांच्या घरात चित्रीकरण झालं. काळ १९६१ चा, पोर्तुगीज जायच्या बेतात, आणि एका भाटकार, म्हणजे जमीनदार, घराण्यात म्हातारा मालक वारलेला. त्याची बायको, लीला नायडू, नवरा मेला हे मानायलाच तयार नाही. ती आत्म्यांना बोलावत बसते आणि भलतेच आत्मे येतात. हा बघितल्यावर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना लोटली-चांदर बाजूला गाडीतून फिरवून आणा, त्या घरांच्या खिडक्यांकडं ते वेगळ्या नजरेनं बघतील. आमच्या बाजूचंही एक सांगायलाच हवं : हा गोवा त्या घरांच्या आतला आहे. पेडण्यातल्या किंवा फोंड्यातल्या मुंडकाराचा (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचा), देवळाच्या काल्याचा आणि जत्रेतल्या मराठी नाटकांचा गोवा त्यात नाही. तो अजून कोणीतरी करायचा आहे. पेडण्यात कोणी आहे काय?

तिसरा, नाच-गाणी हवी असतील तर, 'नाचुंया कुंपासार'. बार्डरॉय बार्रेटो यांचा. कोंकणी गाण्यांचे संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लोर्ना यांच्या आयुष्यावरून सुचलेला, आणि गाणी तीच, जुनी, जी आमच्या थिएटरच्या मागच्या घरातून रविवारी सकाळी ऐकू यायची. हा लावल्यावर पाहुण्यांना काही समजावू नका. आवाज थोडा मोठा ठेवा.

'सात हिंदुस्तानी' कोणीतरी सुचवेलच. १९६९, ख्वाजा अहमद अब्बास. गोव्याच्या मुक्तीसाठी सीमा ओलांडून आलेल्या सत्याग्रहींची गोष्ट, आणि अमिताभ बच्चनचा पहिला सिनेमा. सिनेमा म्हणून तो मला ओबडधोबड वाटतो, पण एकोणीस डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, पाहुणे घरात असतील तर लावा, निमित्त चांगलं आहे.

आणि कोणी विचारलं की कोंकणीत सिनेमे कधीपासून, तर सांगा : अल जेरी ब्रागांझा यांचा 'मोगाचो आंवडो', चोवीस एप्रिल १९५०. म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या अकरा वर्षं आधी.

डिचोलीहून, एका ओळीत : आई-बाबा पंचाहत्तरीचे, त्यांच्या मित्रमंडळींना बोलावून काय दाखवू?

'संत तुकाराम'. प्रभातचा, १९३६. त्यांनी तो बघितलेला असेल, तरीही. विष्णुपंत पागनीसांचे तुकाराम सगळ्यांना आठवतात, तू गौरीच्या आवलीकडं बघ. पोरगं आजारी पडतं, तेव्हा ती चिडून वहाण घेऊन थेट देवळात शिरते, देवाला जाब विचारायला. साठीच्या पुढच्या सगळ्या बायका तिथं मान हलवतात. संध्याकाळी साडेपाचला सुरू कर, आठला जेवण वाढ. गुडघे दुखणाऱ्यांना भिंतीकडच्या खुर्च्या.

पर्वरीच्या तिघी कॉलेज मैत्रिणी : यंदा पहिल्यांदाच इफ्फीला, पणजीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, जातोय. पुस्तिकेत शेकडो नावं असतात म्हणे. एकमेकींना काय सुचवायचं तेच कळत नाही, कारण तिघींनीही काही बघितलेलं नाही!

हा मला आलेला सगळ्यांत चांगला प्रश्न. महोत्सव २००४ साली पणजीत आला, तेव्हा आम्ही थिएटरातले चौघं सुट्टी टाकून गेलो होतो. पहिल्या दिवशी चौघं एकत्र फिरलो आणि चारही सिनेमे वाईट निघाले. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या तिकीटवाल्यानं युक्ती काढली : चौघांनी चार वेगवेगळ्या रांगांत उभं राहायचं आणि चहाला भेटायचं. कांपालच्या फुटपाथवर, मांडवीकडं तोंड करून, हातात पाव-भाजी, आणि एकेकानं आपण बघितलेला सिनेमा बाकीच्यांना सांगायचा. पाच मिनिटांत. ज्याला सांगताना हात हलवायला लागायचे, त्याचा सिनेमा चांगला, हे आम्ही ठरवून टाकलं होतं. तो पुन्हा लागला की उरलेले तिघं जायचे. त्या आठवड्यात मी सोळा सिनेमे बघितले आणि पंधरा न बघताही मला तितकेच आठवतात.

तुम्ही तिघी आहात. तसंच करा. दिवसाला तीनहून जास्त बघू नका, चौथ्यात दुसऱ्याची पात्रं शिरतात. पुस्तिकेत 'मानवी नात्यांची गुंतागुंत' असं लिहिलेलं दिसलं तर पान उलटा, कारण ते कोणालाच धड न कळलेल्या सिनेमाबद्दल लिहितात. 'एक न्हावी दुकान विकायला काढतो' असं काही लिहिलेलं असेल तर जा. लांब रांगेला भुलू नका. रांगेतल्या अनोळखी माणसाला मात्र जरूर विचारा, काल काय बघितलं? सगळा महोत्सव त्या एका प्रश्नावर चालतो.

आणि हे आजचं नाही. देशातला पहिला महोत्सव १९५२ साली मुंबईत भरला, त्यात इटलीचा 'बायसिकल थीव्ह्ज' दाखवला होता. सायकल चोरीला गेलेला बाप, आणि शोधायला बरोबर निघालेला लहान मुलगा. बघून आलेल्यांनी एकमेकांना रस्त्यात धरून सांगितलं असणार. पुढच्याच वर्षी आपल्याकडं बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. दोन्ही एका रात्रीत लागोपाठ बघा कधीतरी, महोत्सव संपल्यावर, झोप पुरी झाल्यावर.

कला अकादमीत शिरायला मिळालं, तर पाच मिनिटं आधी जाऊन नुसतं बसा. चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली ती वास्तू आहे, सिनेमा बरा नसला तरी सावली चांगली मिळते.

वाळपईची वाचक : भाई, तुम्ही सगळ्यांना सांगता. तुम्हाला स्वतःला कोणी कधी सिनेमा सुचवला का? आणि तुमचा आवडता कोणता?

आवडता सांगायची पंचाईत आहे, बाय, कारण ऑपरेटर सिनेमा सलग बघत नाही. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. ते चालू असताना शेजारच्या मशीनवर पुढचं चढवायचं, मशीनला उजेड देणाऱ्या कार्बनच्या कांड्या बघायच्या, संपलेलं उलटं गुंडाळायचं. आणि रीळ संपत आलं, की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो : मशीन सुरू कर. काही सेकंदांत दुसरा : आता बदल. तो चुकला की पडदा पांढरा, आणि खालून शिट्ट्या आणि आमच्या आयांचा उद्धार. त्यामुळे मला शेकडो सिनेमांच्या उजव्या कोपऱ्याची चांगली माहिती आहे. नायिका बऱ्याचदा डावीकडं असायची.

थिएटर बंद झालं, त्यानंतर दोन-तीन वर्षं मी कुठल्याच थिएटरात पाऊल टाकलं नाही. रागानं नव्हे, पण पाय वळत नव्हते. मग एका पावसाळ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, एक सिनेमा लागलाय. कोकणातला आहे, पाऊस आहे खूप, आणि तुमच्यासारखा न बोलणारा एक पोरगा आहे. चला." एवढंच बोलली. ती त्या मासेवाल्या बाईला कधी भेटली नव्हती.

'किल्ला' होता. अविनाश अरुण यांचा. बाप गेलेला मुलगा, आईची बदली, समुद्राकाठचं अनोळखी गाव, नवी शाळा, नवे मित्र. आत पडद्यावर पाऊस आणि बाहेर पत्र्यावर पाऊस, कुठला कुठला कळेना. मी खुर्चीत बसलेला, आयुष्यात पहिल्यांदाच मुलीच्या शेजारी. वीस मिनिटं झाली असतील, आणि माझी नजर आपोआप उजव्या कोपऱ्यात गेली. ठिपका आला नाही. आता डिजिटलला रीळच नाही, तर ठिपका कुठून येणार? तरी पुन्हा वीस मिनिटांनी गेलीच. मुलीनं हळूच विचारलं, "काय बघता तिथं?" मी म्हटलं, काही नाही, समोर बघ. मध्यंतरानंतर मात्र मी कोपऱ्याकडं बघायचं विसरलो.

तेव्हा आवडता म्हणून हाच लिही. तुमच्याकडं वाळपईला पाऊस आमच्याहून जास्त, एखाद्या जुलैच्या रविवारी लाव. मधेच लाईट गेली तर दिवा लावून गप्पा मारा, आली की पुढचं बघा. आमच्याकडंही तसंच असायचं.